चौथं नाव

फोंड्याच्या कोर्टात इन्व्हेंतार झाला तेव्हा
सगळं कागदावर आलं.
पोफळी मोजल्या, दोनशे अकरा.
तांब्याचं भाण त्याला, समई मला.
फणस माझ्या हद्दीत, त्याची दुपारची सावली
त्याच्या अंगणात.
मग सोप्याच्या मधोमध चिऱ्याची भिंत उठली,
गिलावा दोन्हीकडून, मजुरी अर्धी अर्धी.

विहीर तेवढी सामाईक राहिली.
आणि वायफायचा पासवर्ड,
जो वकिलाला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

मागच्या खोलीत जुना कंप्युटर आहे,
एका बाजूचं झाकण काढलेला, समोर टेबलफॅन.
त्यात मी सगळं भरून ठेवलंय:
लग्नांच्या सीड्या, शिगम्याचं रोमट,
काकाच्या पेटीच्या कॅसेटी, फितीच्या खरखरीसकट,
आणि जत्रेतली नाटकं,
व्हीएचएसवरून उतरवलेली, सगळ्यांचे चेहरे
जरा हिरवे.
एक बटण दाबलं की कंप्युटर वाढायला लागतो,
पंक्तीत कोण बसलंय ते न बघता.
हॉलमधला टीव्ही.
मसाल्याच्या डब्याला टेकलेला सुलक्षाचा फोन.
पोराचा टॅब.
तीन नावं, तीन ठिपके.

दसऱ्यानंतर एका रात्री चौथं दिसलं.
नाव कसलं, नुसता नंबर: टीव्ही ४३, मग शून्यं.
आमच्याकडे त्रेचाळीस इंची टीव्ही नाही.
भिंतीपलीकडे आहे.
खोका मी पाहिला होता, चवथीच्या आधी,
गोठ्याच्या छपराला गळती लागली तिथे बांधलेला.

'अडवा' असं एक बटण असतं.
बोट त्यावर नेलं मी, खोटं कशाला सांगू.
तेवढ्यात खाली ओळ उमटली, काय चाललंय त्याची:
अठ्ठ्याण्णवची जत्रा. अंक दुसरा.

त्यात उमाकांत राणी आहे.
आईचा शालू नेसलेला,
मिशी काढावी लागली म्हणून आठवडाभर कॉलेज बुडवलेला.
मी भालदार. एकच वाक्य होतं मला.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला मी उभा आहे,
भाला घट्ट, तोंड उघडं, वाक्य गेलेलं,
आणि राणी सिंहासनावरून उठते,
माझं वाक्य स्वतःच म्हणून टाकते,
वर मलाच विचारते, "असंच ना रे?"
मंडपभर हशा. चित्र हलतं,
कारण कॅमेरावालाही हसतोय.

कंप्युटर सगळं टिपून ठेवतो.
एक्केचाळीसपर्यंत पुढे. मागे.
पुन्हा एक्केचाळीस.
दुसऱ्या रात्री तेच. गुरुवारी तेच.

शुक्रवारी सकाळी विहिरीवर पंपाशी खटपट करत होतो.
तो आला, बादली ठेवली,
आणि पाण्यात बघत म्हणाला,
"राती मधींच अडकता मरे."
काय, ते नाही सांगितलं.
मी म्हटलं, "वॉल्व जुनो जाला."
"हय," तो म्हणाला. "वॉल्वच आसतलो."

दुपारी फोंड्याहून नवा राउटर आणला, चार काड्यांचा.
सुलक्षाने बिल उलटून पाहिलं आणि डब्यात ठेवलं.
जिथे गवंड्याने सिमेंट वाचवलं होतं
तिथेच, भिंतीला लागून, खिळा ठोकला.
नवा राउटर नवं नाव मागतो, नवा पासवर्ड मागतो.
दोन्ही जुनीच दिली.
पासवर्ड म्हणजे दोघांच्या कुत्र्याचं नाव
आणि तो परत आला नाही ते साल.

आता साडेदहा वाजलेत.
पोराचा गेम मी बंद करायला लावला, तो फुरंगटून झोपला.
कंप्युटर विचारतोय: अपडेट आलंय,
रीस्टार्ट करू?
अडतीस.
'नंतर' दाबतो.
एकोणचाळीस.
पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून असेल.